रक्तस्राव, भीती आणि पहिला तास

गर्भपाताच्या गोळ्या घरी घेणाऱ्या स्त्रियांची संख्या देशात मोठी आहे. त्यांपैकी बहुतेकींना पुढे काही त्रास होत नाही. ज्या थोड्या जणींना होतो, त्यांच्यापर्यंत अनेकदा सर्वांत आधी पोहोचते ती रुग्णवाहिका. तिच्यातील डॉक्टर किंवा पॅरामेडिक या पहिल्या तासात काय पाहतात, काय विचारतात आणि रुग्णाने त्यांना काय सांगायला हवे, याचा हा आढावा.

रुग्णवाहिकेसाठी येणाऱ्या अशा फोनमध्ये 'गर्भपात' हा शब्द सहसा नसतो. 'अंगावरून फार जातंय', 'पाळीत चक्कर येऊन पडली', 'ओटीपोटात कळा येताहेत', असे काहीतरी सांगितले जाते. फोन करणारा नवरा असतो, शेजारीण असते, कधी वसतिगृहातील मैत्रीण असते. गाडी दारात येते तेव्हा खोलीत चार माणसे जमलेली असतात आणि जिला त्रास होत आहे, ती त्यांच्यासमोर तोंड उघडायला तयार नसते. दोन दिवसांपूर्वी घेतलेल्या गोळ्यांचे पाकीट केव्हाच कचऱ्यात गेलेले असते. आपत्कालीन सेवेतील माणसाचे काम इथून सुरू होते.

या प्रसंगांचा आवाका लक्षात यावा म्हणून काही आकडे पाहणे उपयुक्त ठरेल. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१५ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यांपैकी ७३ टक्के गर्भपात गोळ्यांनी, पण रुग्णालयाबाहेर झाले होते. आरोग्य संस्थांमध्ये झालेल्या गर्भपातांचे प्रमाण केवळ २२ टक्के होते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही २७ टक्के गर्भपात स्त्रीने स्वतः घरीच केल्याची नोंद आहे. दोन्ही आकड्यांत फरक असला, तरी ही बाब तुरळक नाही, एवढे त्यांतून स्पष्ट होते.

गोळ्यांचे काम आणि अपेक्षित त्रास

वैद्यकीय गर्भपातासाठी दोन औषधे वापरली जातात. मिफेप्रिस्टोन हे पहिले औषध गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे कार्य रोखते. एक ते दोन दिवसांनी घ्यावयाच्या मिसोप्रोस्टॉल या दुसऱ्या औषधाने गर्भाशयाचे आकुंचन होते आणि आतील ऊती बाहेर टाकल्या जातात. भारतात मिफेप्रिस्टोनला २००२ मध्ये मंजुरी मिळाली. दोन्ही औषधांचे एकत्रित पाकीट २००८ च्या अखेरीस मंजूर झाले. सध्याच्या नियमांनुसार नोंदणीकृत व पात्र डॉक्टरच्या देखरेखीखाली गर्भधारणेच्या नऊ आठवड्यांपर्यंत ही पद्धत वापरता येते. दुसऱ्या औषधाची मात्रा घरी घेण्यास डॉक्टर परवानगी देऊ शकतात. अट एवढीच, की अडचण आल्यास रुग्णालय गाठण्याची सोय हवी.

म्हणजेच, गर्भपाताची प्रक्रिया घरी पूर्ण होणे ही गोष्ट मुळात धोकादायक नाही. वेळेत आणि योग्य मात्रेत घेतलेल्या गोळ्यांनी शंभरपैकी ९५ हून अधिक स्त्रियांचा गर्भपात पूर्ण होतो. रक्त द्यावे लागण्याची वेळ हजारात एकीवरही येत नाही. दुसऱ्या औषधानंतर काही तासांत जोराच्या कळा येणे, पाळीपेक्षा जास्त रक्तस्राव होणे, गाठी पडणे, त्या दिवशी थंडी वाजून थोडा वेळ ताप येणे, मळमळ वा जुलाब होणे, हे सारे अपेक्षित असते. त्यानंतर सुमारे दोन आठवडे थोडे थोडे रक्त जाऊ शकते.

धोका वाढतो तो वेगळ्या कारणांनी. सल्ल्याविना गोळ्या घेणारीला दिवस किती गेले आहेत, याचा नेमका अंदाज नसतो. गर्भ जितका मोठा, तितका रक्तस्राव अधिक. गर्भ गर्भाशयात आहे की नळीत, हे पाहिलेले नसते. मात्रा चुकते किंवा अर्धेच औषध हाती पडते. त्यात भर रक्तक्षयाची. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि महाराष्ट्रातील प्रमाणही निम्म्याहून अधिक आहे. रक्तात हिमोग्लोबिन आधीच कमी असलेल्या स्त्रीला, निरोगी स्त्री सहज सोसेल एवढा रक्तस्रावही झेपत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातील स्त्रीभ्रूणहत्येचे प्रकरण उघडकीस आल्यानंतर या गोळ्यांच्या विक्रीवर कडक नजर ठेवण्यात आली आणि अनेक औषध विक्रेत्यांनी त्या ठेवणेच बंद केले. वास्तविक या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत वापरावयाच्या असतात, तर सोनोग्राफीत लिंग स्पष्ट दिसू लागते ते त्यानंतर काही आठवड्यांनी. तरीही दोन्ही गोष्टींची सांगड घातली गेली. गोळ्या आडमार्गाने मिळवल्या, की त्यांच्यासोबत चिठ्ठी येत नाही, सूचना येत नाहीत आणि त्रास झाल्यास कोणाला विचारायचे, हेही कळत नाही.

रक्तदाबावर विसंबू नये

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. इतर अनेक राज्यांत गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. इथे सुरुवातीपासून डॉक्टर नेमण्यात आले आणि सोबतीला चालक, ज्याला या सेवेत 'पायलट' म्हणतात. खासगी रुग्णवाहिकांत मात्र पॅरामेडिक असतो किंवा कोणीच नसतो. माणूस कोणत्याही पदवीचा असो, अशा रुग्णाकडे पाहण्याची पद्धत सारखीच असावी लागते.

पहिली पायरी म्हणजे श्वास, नाडी, त्वचेचा रंग आणि शुद्ध यांची तपासणी. येथे अननुभवी माणसाची फसगत होऊ शकते, ती रक्तदाबाच्या आकड्यामुळे. तरुण शरीर रक्त गमावू लागले, की हृदयाची गती वाढवून आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब टिकवून धरते. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीच्या शरीरात साधारण सव्वातीन लिटर रक्त असते. त्यातील जवळपास तिसरा हिस्सा जाईपर्यंत रक्तदाब जवळजवळ नेहमीसारखा दिसू शकतो. त्यानंतर मात्र तो झपाट्याने कोसळतो. म्हणूनच नाडी आधी मोजतात. नाडीचा आकडा रक्तदाबाच्या वरच्या आकड्याइतका किंवा त्याहून मोठा झाला, उदाहरणार्थ नाडी ११० आणि वरचा रक्तदाब १००, तर ती स्त्री कितीही नीट बोलत असली, तरी तिची प्रकृती गंभीर समजली जाते. हातपाय गार पडणे, घाम येणे, अस्वस्थता आणि सारखी तहान लागणे ही त्याच मार्गावरील लक्षणे होत.

दुसरी पायरी रक्तस्रावाच्या मोजमापाची. 'खूप जातंय' या शब्दांवरून काहीच ठरवता येत नाही. सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, तर तो रक्तस्राव धोक्याचा, असा निकष जगभर वापरला जातो. म्हणून वापरलेले पॅड, कापड, पडलेल्या गाठी टाकून न देता दाखवणे उपयोगी ठरते. रुग्णालयातही त्यांवरून बरेच काही समजते.

त्यानंतरचे उपचार साधे, परंतु वेळेचे बंधन असलेले. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवतात, पांघरूण घालतात, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण कमी असल्यास प्राणवायू देतात. हातात शक्यतो दोन जाड सुया लावून ठेवतात, कारण रक्तदाब उतरल्यावर शीर सापडणे कठीण होते. सलाईन मोजून दिले जाते. प्रत्येक वेळी साधारण पाव लिटर देऊन नाडी पुन्हा पाहतात. भराभर दोन-तीन बाटल्या चढवल्या, तर उरलेले रक्त पातळ होते, त्याची गोठण्याची शक्ती घटते आणि थांबू पाहणारा रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. योनीमार्गात बोळा भरणे किंवा गाडीत अंतर्गत तपासणी करणे टाळले जाते. बोळ्याने रक्त थांबत नाही, ते फक्त दिसेनासे होते.

रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या औषधाचा उल्लेख आता अनेक देशांच्या रुग्णवाहिका सेवांच्या नियमावलीत असतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१ देशांतील २०,०६० स्त्रियांवरील चाचणीत प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात ते लवकर, विशेषतः तीन तासांच्या आत दिल्यास मृत्यू कमी होतात, असे दिसले. ही चाचणी प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाची होती, गर्भपाताची नव्हे. म्हणून या रुग्णांत ते नियमावली आणि वरिष्ठ डॉक्टरचा सल्ला पाहूनच दिले जाते. प्रसूतीनंतर हमखास वापरले जाणारे ऑक्सिटोसिन सुरुवातीच्या महिन्यांत फारसे लागू पडत नाही, कारण त्या काळात गर्भाशय त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही.

तीन फसवे प्रसंग

रक्तस्राव डोळ्यांना दिसतो. काही गुंतागुंती मात्र दिसत नाहीत आणि त्यांतच निदान चुकण्याची भीती अधिक असते.

पहिली म्हणजे नळीतील गर्भधारणा. दर शंभर गर्भधारणांत साधारण एक ते दोन वेळा गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा गर्भनलिकेत रुजतो. त्यावर या गोळ्यांचा उपयोग होत नाही. गोळ्या घेऊनही रक्त फारसे गेले नाही, पोटात एका बाजूला तीव्र वेदना आहे, खांद्याच्या टोकाशी दुखते, उभे राहताच भोवळ येते, असे चित्र असेल, तर नलिका फुटून पोटात रक्तस्राव होत असल्याची शक्यता गृहीत धरावी लागते. बाहेर रक्त दिसत नाही म्हणून अशा रुग्णाला 'गॅसेस'ची गोळी देऊन घरी ठेवले गेले, तर काही तासांत जीव जाऊ शकतो. तिला शस्त्रक्रियागृह असलेल्या रुग्णालयात थेट नेणे, हाच उपाय होय.

दुसरा प्रसंग गर्भाशयाच्या मुखात ऊतींचा तुकडा अडकल्याचा. मुख ताणले गेल्याने मज्जातंतूंची प्रतिक्रिया होऊन रक्तदाब उतरतो आणि नाडी वेगवान होण्याऐवजी मंदावते. रक्तस्रावाच्या मानाने रुग्ण फारच खचलेला दिसतो. मंद नाडी पाहून 'सारे ठीक आहे' असा समज होणे येथे घातक ठरते. नाडी वाढवणारे ॲट्रोपिन तात्पुरता आधार देते. खरा उपाय प्रशिक्षित डॉक्टरने तो तुकडा काढणे हाच असून, त्यानंतर काही मिनिटांत प्रकृती सुधारते.

तिसरा प्रसंग जंतुसंसर्गाचा. दुसऱ्या औषधाच्या दिवशी येणारा ताप बहुधा उतरतो. २४ तासांनंतरही ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त राहिला, स्रावाला दुर्गंधी आली, ओटीपोट दुखत राहिले, तर गर्भाशयात संसर्ग झाल्याचा संशय घ्यावा लागतो. काही संसर्गांत ताप येतच नाही. उत्तर अमेरिकेत २००० नंतरच्या काही वर्षांत नोंदल्या गेलेल्या मोजक्या मृत्यूंमध्ये ताप जवळजवळ नव्हता, पण नाडी अतिशय वेगवान होती आणि रुग्णांना कमालीचा अशक्तपणा जाणवत होता. असे प्रसंग अत्यंत विरळ असले, तरी ताप नाही म्हणजे संसर्ग नाही, असे समजू नये, हा धडा त्यांतून मिळाला.

चार प्रश्न, एकांतात

वैद्यकीय दृष्ट्या आवश्यक प्रश्न चारच आहेत. शेवटची पाळी कधी आली होती? कोणते औषध घेतले? केव्हा घेतले? किती पॅड भिजले? शेवटच्या पाळीच्या तारखेवरून गर्भ किती आठवड्यांचा होता हे कळते. औषधाच्या वेळेवरून दिसणारा त्रास अपेक्षित आहे की नाही, हे ठरते. याखेरीज पूर्वी सिझेरियन झाले आहे का, रक्त पातळ करणारे औषध किंवा दम्याचे औषध चालू आहे का, एवढे विचारले, की पुरे होते.

'कोणाचे होते?', 'लग्न झाले आहे का?', 'असे का केले?' या प्रश्नांच्या उत्तरांनी उपचारात काडीचाही फरक पडत नाही. त्या प्रश्नांनी एवढेच होते, की रुग्ण गप्प बसते आणि पाळीची तारीखही खोटी सांगते. आपोआप झालेला अपुरा गर्भपात आणि गोळ्यांनंतर अपुरा राहिलेला गर्भपात यांवरील उपचार सारखेच असतात. त्यामुळे रुग्णाकडून कबुली वदवून घेण्याचे रुग्णवाहिकेतील माणसाला काहीच कारण नसते.

अनुभवी माणसे यासाठी साधी युक्ती वापरतात. नातेवाइकांपैकी कोणाला कागदपत्रे आणायला, कोणाला जिना मोकळा करायला पाठवले जाते. गाडीत सोबतच्याला पुढे पायलटशेजारी बसवले जाते. 'मावशी, तुम्ही पुढे बसा, रस्ता दाखवा', असे म्हटले, की सासूबाईंनाही वाईट वाटत नाही. मागचा दरवाजा बंद झाल्यावर रुग्णाला सरळ विचारले जाते : 'ताई, काही गोळ्या घेतल्या असतील तर सांगा. नेमके औषध द्यायला मला मदत होईल. घरच्यांना मी सांगणार नाही.' या तीन वाक्यांनंतर बरेचदा उत्तर मिळते. मिळाले नाही, तरी उपचार थांबत नाहीत. पाळी चुकलेली आणि रक्तस्राव होत असलेली प्रत्येक स्त्री गर्भधारणेतील गुंतागुंतीची रुग्ण आहे, असे धरूनच पुढे जावे लागते.

जवळचे रुग्णालय की योग्य रुग्णालय?

गाडी कुठे न्यायची, हा निर्णय औषधांइतकाच महत्त्वाचा असतो. अपुऱ्या गर्भपातात आत राहिलेल्या ऊती काढून टाकल्या, की रक्तस्राव बहुधा थांबतो. त्यासाठी हाताने चालणाऱ्या निर्वात पिचकारीची सोपी पद्धत उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटना जुन्या 'क्युरेटिंग'ऐवजी हीच पद्धत किंवा औषधे वापरण्याची शिफारस करते. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णावर हे उपचार प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या लहान रुग्णालयातही होऊ शकतात. नाडी वेगवान आणि रक्तदाब उतरलेला असेल, तर मात्र रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह असलेले ठिकाणच गाठावे लागते. ग्रामीण भागात हे बहुधा उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय असते. आधी जवळच्या नर्सिंग होममध्ये, तिथून 'रक्त नाही' म्हणून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे, अशा फेऱ्यांत पहिला तास निघून जातो. वाटेतूनच रुग्णालयाला फोन करून रक्ताची आणि स्त्रीरोगतज्ज्ञाची तयारी ठेवण्यास सांगणे, हे गाडीतील माणसाचे महत्त्वाचे कर्तव्य आहे.

कायद्याची भीती

उशीर होण्याचे सर्वांत मोठे कारण अनेकदा वैद्यकीय नसते. 'पोलीस केस होईल' या धास्तीने स्त्रिया रात्रभर घरात रक्त गमावत राहतात. ही भीती अगदीच निराधार नाही. वैद्यकीय गर्भपात कायद्याच्या चौकटीबाहेर केलेला गर्भपात भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ नुसार आजही गुन्हा आहे आणि स्वतः गर्भपात करणारी स्त्रीही त्याच्या कक्षेत येते. तथापि, जीव धोक्यात असलेल्या रुग्णावर तातडीने उपचार करणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचे नाव व तपशील डॉक्टरने कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाही सांगितल्यास त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

नवऱ्याच्या सहीबाबतचा गैरसमजही असाच जुना. सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी कायद्याने फक्त तिची संमती लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही विवाहितांप्रमाणेच २० ते २४ आठवड्यांदरम्यान गर्भपाताचा लाभ मिळण्याचा मार्ग मोकळा केला. त्याच निकालात अल्पवयीन मुलीच्या बाबतीत 'पॉक्सो' कायद्यानुसार पोलिसांना माहिती देताना मुलगी व पालकांची विनंती असल्यास डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असेही नमूद केले. या तरतुदी गाडीतील कर्मचाऱ्यांना ठाऊक असतील, तर रुग्णाला त्या दोन वाक्यांत सांगता येतात. घाबरून रुग्णालयाच्या दारातून परत फिरणारी एखादी स्त्री तेवढ्याने आत येऊ शकते.

या साऱ्यात गोळ्यांना दोष देऊन फारसे काही साधत नाही. योग्य माहिती मिळाली, दिवस मोजून औषध घेतले आणि अडचणीत कोणाला फोन करायचा हे ठाऊक असले, तर यांतील बहुतेक प्रसंग टळू शकतात. जे टळत नाहीत, त्यांत जीव वाचवण्यासाठी लागणारी साधने महाग नाहीत. नाडीवर बोट, हातात सुई, योग्य रुग्णालयाचा रस्ता आणि बंद दरवाजाआड विचारलेला एक साधा प्रश्न, एवढ्यावर पुष्कळ अवलंबून असते.

चौकट : थांबू नका, १०८ ला फोन करा

- सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजणे.
- चक्कर येणे, भोवळ येऊन पडणे, हातपाय गार पडणे, धाप लागणे.
- औषधाने न थांबणारी तीव्र पोटदुखी किंवा खांद्याच्या टोकाशी दुखणे.
- दुसऱ्या औषधानंतर २४ तास उलटूनही ताप किंवा कमालीचा अशक्तपणा राहणे. स्रावाला दुर्गंधी येणे.
- दुसरे औषध घेऊन २४ तासांत रक्तस्राव न झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सोबत पोटदुखी किंवा चक्कर असल्यास रुग्णवाहिका बोलवावी.

गाडी येईपर्यंत रुग्णाला आडवे झोपवावे, पांघरूण द्यावे, एकटे सोडू नये. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने खायला-प्यायला देऊ नये. आणखी गोळ्या देऊ नयेत. औषधाचे पाकीट, वापरलेले पॅड व पडलेल्या गाठी सोबत घ्याव्यात. चक्कर येत असलेल्या रुग्णाला दुचाकीवर बसवून नेऊ नये.